सोडत आणि चावी

वांद्र्याच्या रंगशारदा सभागृहात म्हाडाच्या सोडती निघत, तेव्हाची छायाचित्रे अनेकांना आठवत असतील. पडद्यावर अर्जाचा क्रमांक आणि नाव झळकते, मागच्या रांगेतून कुणी ओरडते, कुणी पदराने डोळे पुसते, शेजारचा अनोळखी माणूस पाठीवर थाप मारतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘स्वप्न साकार’ अशा मथळ्याखाली हाच फोटो. चावी हातात पडल्याच्या दिवसाचे फोटो मात्र त्या मानाने फारच कमी. तो दिवस सगळ्यांचा एकदम येत नाही. काहींचा सहा महिन्यांनी येतो, काहींचा आठ वर्षांनी, आणि काहींच्या बाबतीत तो मुलाच्या किंवा सुनेच्या वाट्याला येतो.

या दोन दिवसांच्या मध्ये काय घडते, हा या लेखाचा विषय. खासगी बिल्डरने रखडवलेल्या प्रकल्पांवर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे. तिथला खलनायक ओळखू येतो: एका इमारतीचे पैसे त्याने दुसरीकडे वळवलेले असतात. पण विकणारी जेव्हा शासकीय संस्था असते, म्हाडा, सिडको, एखादे प्राधिकरण किंवा तारण घर लिलावात काढणारी बँक, तेव्हा पैसे कुणी पळवलेले नसतात, सही करणारे साहेब जागेवर असतात, कागदही बहुधा स्वच्छ असतात; तरी घर मिळत नाही. हा उशीर वेगळ्या जातीचा आहे. तो समजून घ्यायचा तर आधी ही संस्था घर कसे विकते ते पाहावे लागेल.

सरकारने घरे बांधून लोकांना देण्याचा आपल्याकडचा व्यवहार स्वातंत्र्याइतकाच जुना. १९४८ च्या कायद्याने मुंबई गृहनिर्माण मंडळ आले. पुढे १९७६ चा म्हाडा कायदा झाला आणि १९७७ च्या डिसेंबरात ही जुनी मंडळे एका प्राधिकरणाच्या छत्राखाली आली. सिडको त्याआधीची, मार्च १९७० ची. ती कंपनी कायद्याखाली स्थापन झालेली, पण मालकी पूर्णपणे राज्य शासनाची. या इतिहासातली एक बारीक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. खासगी विकासकांना वेसण घालण्यासाठी महाराष्ट्राने १९६३ मध्ये मोफा कायदा केला. करार नोंदवा, ताब्याची तारीख लिहा, नाही दिलात तर व्याजासह पैसे परत करा, अशी बंधने त्यात होती. या कायद्याच्या बहुतेक तरतुदींतून गृहनिर्माण मंडळाला वगळण्यात आले. सरकार स्वतःच्या लोकांना कशाला फसवेल, असा त्यामागचा भाबडा विश्वास असावा. फसवणूक झाली नाही हे खरे. पण तारीख लिहिण्याची सवयही लागली नाही.

आजच्या सोडतीचे वेळापत्रक पाहा. विजेत्याला देकारपत्र येते. स्वीकृती कळवल्यावर साधारणपणे ४५ दिवसांत घराच्या किमतीचे पहिले २५ टक्के आणि त्यापुढच्या ६० दिवसांत उरलेले ७५ टक्के भरायचे असतात. मुदत चुकली तर व्याज, फारच चुकली तर वितरण रद्द. म्हणजे घेणाऱ्याच्या बाजूचे सगळे दिवस मोजलेले आहेत. देणाऱ्याच्या बाजूने किती दिवसांत काय होईल, हे त्याच कागदावर शोधले तर पुष्कळदा सापडत नाही. उशिराचे बीज या एकतर्फी मोजणीत आहे असे मला वाटते. बाकीची कारणे त्यावर वाढलेली.

कागद आधी की नशीब आधी

पूर्वी आधी सोडत निघे आणि मग पात्रता तपासली जाई. महाराष्ट्रातला रहिवास, उत्पन्नाचा दाखला, आरक्षणाचा लाभ घेतला असेल तर जातीचे प्रमाणपत्र आणि त्याची वैधता, स्वतःच्या, पती-पत्नीच्या किंवा अज्ञान मुलांच्या नावे त्या शहरात घर नसल्याचे शपथपत्र. एकेका विजेत्याची फाइल उघडायची, त्रुटी काढायची, पत्र पाठवायचे, उत्तराची वाट पाहायची. अपात्र ठरलेला अपिलात जाई. तो अपिलात असेपर्यंत प्रतीक्षा यादीवरचा माणूस टांगलेला. घर तयार आणि रिकामे, आणि दाराबाहेर दोघे जण उभे, असे चित्र कित्येक इमारतींत दिसे.

२०२३ च्या सुरुवातीला म्हाडाने ही उतरंड उलटी केली. नव्या संगणकीय प्रणालीत कागदपत्रे आधी चढवायची, पात्रता आधी ठरायची आणि पात्र अर्जांचीच सोडत काढायची. कागदांची संख्याही बरीच कमी झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबई मंडळाने ४,०८२ घरांची आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये २,०३० घरांची सोडत काढली, ती या पद्धतीने. दोन्ही वेळा अर्जदार लाखाच्या वर होते. तयार घरांच्या बाबतीत या एका बदलाने महिनोन्‌महिने वाचले, याबद्दल दुमत असू नये. सुधारणा साधी होती. ती सुचायला इतकी वर्षे का लागली, हा प्रश्न विचारण्याचा मोह होतो. पण उशिरा का होईना झाली.

अडचण घर तयार नसते तिथे. बांधकाम सुरू असताना सोडत काढण्याची प्रथा जुनी आहे, आणि तिच्यामागे हिशेबही आहे: विजेत्यांचे पैसे आले की पुढच्या टप्प्याचा खर्च भागतो. सिडकोने २०१८ मध्ये तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली आणि द्रोणागिरी इथल्या १४,८३८ घरांची सोडत काढली. घरे बांधून व्हायची होती. कोविडच्या टाळेबंदीत मजूर गावी गेले, कामे थांबली आणि ताबा २०२१ वर गेला. तोपर्यंत कर्जाचे हप्ते सुरू झालेले आणि राहत्या जागेचे भाडेही चालू. महिन्याला दोन छपरांचे पैसे भरणारे कुटुंब त्या काळात नवी मुंबईत शोधावे लागत नव्हते.

इमारत उभी राहिली म्हणजे घर झाले असेही नाही. भोगवटा प्रमाणपत्र हवे. त्यासाठी अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला, उद्वाहनाचा परवाना, मलनिःसारणाची जोडणी आणि पाणी. विरार-बोळींजला म्हाडाच्या कोकण मंडळाने प्रचंड वसाहत उभारली. हजारो घरे वर्षानुवर्षे विकलीच गेली नाहीत, आणि त्याच्या कारणांत पाण्याचा प्रश्न ठळक होता. घर एका संस्थेचे, पाणी दुसरीचे, रस्ता तिसरीचा. २०१८ मध्ये म्हाडाला स्वतःच्या अभिन्यासांसाठी नियोजन प्राधिकरणाचे अधिकार मिळाले, तेव्हा बांधकाम परवानगीची एक खिडकी घरात आली. नळाची खिडकी अजून बाहेरच आहे.

तिकीट नंबर

या सगळ्या गोष्टी एकाच ठिकाणी, एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायच्या तर गिरणी कामगारांच्या घरांकडे वळावे लागते.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या शेडखाली असलेली जमीन, म्हणजे बहुतेक जमीन, वाटणीतून बाहेर गेली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. परळ-लोअर परळचे आजचे मनोरे त्या निकालाच्या सावलीत उभे आहेत. घरांसाठी उरली ती जमिनीची चिंधी.

त्या चिंधीवर घरे बांधून जून २०१२ मध्ये पहिली सोडत निघाली: ६,९२५ घरे, २२५ चौरस फूट चटईक्षेत्र, किंमत साडेसात लाख. मे २०१६ मध्ये २,६३४ घरे. त्याच वर्षी डिसेंबरात पनवेलजवळच्या कोन इथली २,४१७ घरे. मार्च २०२० मध्ये बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरची ३,८९४ घरे. बेरीज १५,८७०. अर्ज होते पावणेदोन लाखांच्या घरात. म्हणजे अकरांत एक.

पण जिंकलेल्या त्या एकाचीही कहाणी पाहा. पात्रतेची अट अशी की १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर तो गिरणीच्या पटावर असला पाहिजे. पुरावा? तिकीट नंबर असलेला गिरणीचा पास, भविष्य निर्वाह निधीची पावती, ईएसआयचे कार्ड, हजेरीचे किंवा रजेच्या पगाराचे कार्ड. गिरणी पाडलेली, टाइमकीपरचे ऑफिस गेलेले, कामगार गावी कोकणात किंवा घाटावर. तीस-पस्तीस वर्षे पत्र्याच्या ट्रंकेत राहिलेला कागद वाळवीने खाल्ला असेल तर त्याच्या नोकरीचा साक्षीदार कोण? शिवाय एकाच तिकिटावर बदली कामगार असत, नावांची स्पेलिंगे मुकादमाच्या मर्जीने पडत. ‘बाळू’ पटावर आणि ‘बाळकृष्ण’ शिधापत्रिकेवर. या एका फरकासाठी प्रतिज्ञापत्र, राजपत्र, पुन्हा सुनावणी.

आणि वय. १९८२ ला पंचविशीत असलेला माणूस २०१६ च्या सोडतीत साठीला टेकलेला. सोडत आणि चावी यांच्यात तो गेला तर वारसदारांची नवी फाइल उघडते. विधवा, दोन मुलगे, लग्न झालेली मुलगी. प्रत्येकाचे संमतिपत्र किंवा न्यायालयाचे वारसा प्रमाणपत्र. एक भाऊ रुसला की फाइल थांबली. उशीर हा असा स्वतःच पुढचा उशीर जन्माला घालतो, हे खासगी बिल्डरच्या प्रकरणांत इतक्या उघडपणे दिसत नाही.

कोनच्या घरांचे तर प्रकरण शासकीय उशिराचे पाठ्यपुस्तक म्हणून शिकवावे असे आहे. घरे मुळात मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या भाडेतत्त्वावरील योजनेत बांधलेली. १६० चौरस फुटांच्या दोन खोल्या जोडून एक घर, किंमत सहा लाख. बांधली एमएमआरडीएने, सोडत काढली म्हाडाने. सोडतीनंतर पात्रता तपासण्यात वर्षे गेली. २०२० मध्ये कोविड आला आणि जिल्हा प्रशासनाने या रिकाम्या इमारती विलगीकरण केंद्रासाठी ताब्यात घेतल्या. त्या संकटात ते योग्यच होते. पण इमारती परत मिळाल्या तेव्हा दारे-खिडक्या, नळ, विजेची जोडणी यांची दैना झाली होती. दुरुस्ती कोणी करायची? बांधणारी संस्था म्हणे, आम्ही सुस्थितीत दिली होती. वाटणारी म्हणे, मालकी आमची नाही. वापरणाऱ्याकडे त्यासाठी लेखाशीर्ष नाही. पत्रव्यवहार चालला. कामगारांचे पैसे भरलेले होते. चाव्या पडायला लागेपर्यंत २०२४ उजाडले.

यात कुणी लाच खाल्ली असे म्हणायला जागा नाही. प्रत्येक कार्यालय आपापल्या नियमाने बरोबर होते. शासकीय संस्थेत निर्णय घेण्याची किंमत सही करणाऱ्याला मोजावी लागते, लेखापरीक्षणाचा आक्षेप येतो, चौकशी लागते. निर्णय न घेण्याची किंमत मात्र बाहेरचा माणूस मोजतो, तीही घरभाड्याच्या रूपाने. खासगी विकासकाचे भांडवल निदान अडकून पडते. इथे पैसे आधीच आलेले असतात, आणि उशिराने कुणाच्याही पगारात एक रुपया कमी होत नाही.

गोरेगावच्या पत्राचाळीत दोन्ही जातींचे उशीर एकत्र आले. सिद्धार्थनगरच्या ६७२ भाडेकरूंच्या पुनर्वसनाचा २००८ मध्ये त्रिपक्षीय करार झाला. विकासकाने मूळ रहिवाशांची घरे अपुरी ठेवून विक्रीचे हक्क पुढे विकले. हे उघड होऊ लागले असतानाच म्हाडाने २०१६ च्या सोडतीत याच प्रकल्पातली ३०६ घरे घातली. करार रद्द झाला, प्रकरण तपास यंत्रणांकडे गेले, आणि काम म्हाडाने स्वतः हाती घेऊन पुन्हा सुरू केले ते २०२२ मध्ये. रंगशारदेत ज्यांची नावे झळकली, त्यांनी बिल्डरचे नावही ऐकलेले नव्हते. ते सरकारकडून घर घेत होते.

बँकेचा लिलाव

दुसरा संस्थात्मक विक्रेता म्हणजे बँक. थकलेल्या कर्जापोटी ताब्यात घेतलेली घरे २००२ च्या सरफेसी कायद्याखाली लिलावात निघतात आणि बाजारभावापेक्षा स्वस्त वाटतात. माझ्या मावशीने अशीच एक सदनिका घेतली, ठाणे जिल्ह्यात. बँकेचे नाव सांगत नाही. दोष तिचा एकटीचा नाही. नियमाप्रमाणे बोली लागली त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी २५ टक्के, विक्री कायम झाल्यावर १५ दिवसांत बाकीचे. मावशीने ठेवी मोडून वेळेत भरले. विक्री प्रमाणपत्र हातात आले. घर नाही आले.

जाहिरातीत एक शब्द होता, तो आम्ही कुणीच नीट वाचला नव्हता: ‘प्रतीकात्मक ताबा’. म्हणजे बँकेने दारावर नोटीस डकवली होती. आत जुना कर्जदार कुटुंबासह राहत होता. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला कायद्याच्या १४ व्या कलमाखाली जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे जावे लागते. कायदा म्हणतो ३० दिवसांत आदेश, कारणे नोंदवून फार तर ६०. आदेश निघाला तरी पुढे तहसीलदार, पोलीस बंदोबस्त, तारीख. आणि कर्जदार कर्जवसुली न्यायाधिकरणात गेला तर स्थगिती. मावशी एकोणीस महिने थांबली. मध्ये सोसायटीने मागच्या मालकाची चार वर्षांची थकबाकी तिच्या नावे टाकली, कारण लिलावाच्या अटींत ‘आहे तिथे, आहे तसे’ असे लिहिले होते आणि त्या चार शब्दांत सगळे मावते.

या क्षेत्रात एक गोष्ट मात्र अलीकडे स्पष्ट झाली. लिलाव झाल्यावरही जुना कर्जदार पैसे भरून घर परत मागू शकतो का, यावर घोळ होता. सप्टेंबर २०२३ मध्ये नवी मुंबईतल्या एका मालमत्तेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाल्यावर तो हक्क संपतो. बोली लावणाऱ्याच्या डोक्यावरची एक टांगती तलवार गेली. ताब्याची राहिलीच.

मग हातात काय आहे

कायद्याने अजिबात काही दिलेले नाही असे नाही. लखनऊच्या एम. के. गुप्ता यांनी तिथल्या विकास प्राधिकरणाकडे घराचे पैसे भरले होते आणि ताबा मिळत नव्हता. प्राधिकरणाचे म्हणणे होते की आम्ही ग्राहक कायद्याखाली येतच नाही. १९९३ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले: घर बांधून देणे ही सेवा आहे, मग देणारे सरकार का असेना. न्यायालय आणखी पुढे गेले. मनस्तापाची भरपाई प्राधिकरणाने द्यावी, पण ती ज्या अधिकाऱ्यांमुळे उशीर झाला त्यांच्याकडून वसूल करावी, कारण त्यांच्या वागणुकीचा भुर्दंड जनतेच्या तिजोरीवर का, असा त्याचा रोख होता. निकालाचा पहिला भाग देशभर वापरात आला. दुसरा भाग वकिलांच्या उद्धरणांत जिवंत आहे. प्रत्यक्षात क्वचितच दिसतो.

२०१६ च्या रेरा कायद्याने मोफाची जुनी फट बुजवली. ‘प्रवर्तक’ या व्याख्येत विकास प्राधिकरणे आणि सार्वजनिक संस्था आल्या. ताबा ठरल्या तारखेला दिला नाही तर १८ व्या कलमाखाली पैसे परत मागता येतात, किंवा घर हवे असेल तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचे व्याज. महाराष्ट्रात ते स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर दरावर दोन टक्के. मेख पुन्हा तीच: ठरलेली तारीख कुठे आहे? देकारपत्रात नसेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदीत पूर्णत्वाची तारीख संस्थेने स्वतःच लिहिलेली असते. ती पैसे भरण्याआधी पाहून, छापून ठेवावी. नंतर ती मुदतवाढ घेऊन बदलते. आणि तारीख कुठेच नसेल तर २०१८ मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की माणसाला बेमुदत थांबवता येत नाही, तीन वर्षे हा वाजवी काळ.

घराला भोगवटा प्रमाणपत्र आहे की नाही, हा प्रश्न सोडतीच्या अर्जाआधी विचारायचा. आहे तर महिने, नाही तर वर्षे, असा ढोबळ हिशेब धरायला हरकत नाही. कर्जमंजुरीची मुदत सहसा तीन-सहा महिन्यांची असते, म्हणून ती फार आधी घेऊन ठेवण्यात अर्थ नाही. माहिती अधिकारात ‘माझे काम कधी होईल’ असे विचारले तर उत्तर मिळत नाही. ‘माझी फाइल अमुक तारखेपासून कोणत्या टेबलावर किती दिवस होती, टिपणीच्या प्रती द्या’ असे विचारले तर ३० दिवसांत काहीतरी येते, आणि अनेकदा उत्तर येण्याआधी फाइलच हलते.

आपल्या राज्यात २००५ चा एक कायदा आहे. सगळे त्याला बदल्यांचा कायदा म्हणतात, कारण पहिल्या भागात कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे नियम आहेत. त्याच्या लांबलचक नावाचा दुसरा अर्धा भाग ‘शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध’ असा आहे, आणि त्यात लिहिले आहे की कोणतीही फाइल कोणत्याही शासकीय कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांहून अधिक प्रलंबित राहता कामा नये. बदल्यांच्या भागावर न्यायाधिकरणात दाव्यांचा ढीग पडतो. विलंबाच्या भागावर दाद मागणारा सामान्य माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

मावशीला ताबा मिळाला तेव्हा पंचनाम्याला मी हजर होतो. तलाठी, दोन हवालदार, बँकेचा माणूस, कुलूपवाला. जुना कर्जदार आदल्या रात्री निघून गेला होता. स्वयंपाकघराच्या ओट्यावर गॅसच्या शेगडीचा चौकोनी डाग आणि भिंतीवर मुलाची उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या रेघा. मावशीने रंगाऱ्याला सगळे घर रंगवायला सांगितले, ती भिंत सोडून.